आधी पोत्यावर, मग रुमालावर : भरतकाम शिकवायला बसणाऱ्यांसाठी

माझा भरतकामाचा पहिला वर्ग पंचवटीत, ओळखीच्यांच्या घरातल्या हॉलमध्ये भरला. अकरा जणी आल्या होत्या. मी पांढऱ्या रुमालावर दोन पदरी गुलाबी दोऱ्याने साखळी टाका घालून दाखवला, तोही अगदी सावकाश. पुढच्या दोघींनी मान डोलावली, बाकीच्या नऊ जणी नुसत्या हसल्या. शेवटी मागून एक मावशी म्हणाल्या, "ताई, आम्हाला नुसती तुमची बोटंच दिसतात. पोत्यावर दाखवा की!" मावशी निफाडकडच्या. कांद्याच्या दिवसांत पोती शिवण्यात हात बसलेला. दुसऱ्या दिवशी मी बारदानाचा तुकडा, दाभण आणि स्वेटरची उरलेली लाल लोकर घेऊन गेले. अर्ध्या तासात अकराही जणींची साखळी सुरू झाली.

नवशिक्याला टाका जमत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हात नसतो. त्याला टाका दिसलेलाच नसतो. खरा टाका तीन-चार मिलिमीटरचा, त्यातला निम्मा दोरा कापडाखाली, आणि शिकवणारीची सुई थांबत नाही. म्हणून टाका मोठा करून दाखवायचा, दोन्ही बाजूंनी दाखवायचा आणि मध्येच थांबवून दाखवायचा. बाजारात तयार मिळणारे लाकडी शिवणखेळ दिसायला गोड असतात, पण त्यांत एवढं सगळं एकत्र मिळत नाही. घरी केलेल्या वस्तूंत मिळतं, आणि खर्चही फारसा येत नाही.

पहिली वस्तू : बारदानाची पाटी

तागाचं पोतं शोधा. हल्ली बरीचशी पोती प्लॅस्टिकची झाली आहेत, पण भुसार दुकानात विचारलं तर जुनं बारदान अजून मिळतं. ते झटकून, धुऊन, उन्हात वाळवा. न धुता वर्गात नेलं तर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या शिंकायला लागतात, हे मी अनुभवाने सांगते. मग साधारण दीड फूट बाय एक फूट तुकडा कापा. कडेच्या सुतळ्या लगेच सुटायला लागतात, म्हणून चारी कडांना बोटभर रुंदीचा फेविकॉल लावून रात्रभर ठेवा.

जुन्या फोटोची लाकडी चौकट घ्या, काच आणि पुठ्ठा काढून टाका. बारदान ताणून तिच्या मागच्या बाजूला छोट्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोका. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक चूक, मग तिथून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मध्ये झोळ राहतो. ही पाटी मांडीवर उभी धरली की तुमच्याकडून मागची बाजू दिसते आणि समोरच्यांना पुढची. मग ती फिरवायची. "आता दोरा कुठे गेला?" हा प्रश्न मी एका तासात वीस वेळा तरी विचारते.

दाभणाचं टोक धारदार असतं. मुलांच्या हातात द्यायचा तर ते पायरीच्या दगडावर घासून बोथट करा. बारदानाची वीण सैल असते, बोथट टोकही सहज आत जातं. लोकर दोन रंगांची ठेवा. का ते उलट्या टिपेपाशी सांगते.

दुसरी : लग्नपत्रिका

आपल्याकडे जाड पत्रिकांना तोटा नाही. लग्नसराई संपली की घरोघर गठ्ठा असतो, आणि गणपतीचं चित्र असलेली पत्रिका रद्दीत टाकवत नाही म्हणून ती वर्षानुवर्षं कपाटात राहते. (गणपती असलेला भाग कापून वेगळा ठेवा. नाहीतर त्याला भोकं पाडताना सगळ्यांचेच हात थांबतात.) उरलेल्या जाड पुठ्ठ्यावर पट्टीने सरळ रेघ मारा आणि दर सेंटिमीटरला दाभणाने भोक पाडा. खाली जुनी रबरी चप्पल ठेवली की भोक स्वच्छ पडतं. भोकांना १, २, ३ असे आकडे द्या. सुईच्या जागी बुटाची नाडी. तिचं टोक प्लॅस्टिकने बांधलेलंच असतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही चालते.

कार्डाचा उपयोग क्रम लक्षात ठेवण्यासाठी. धावदोऱ्याचा क्रम सोपा : एकमधून वर, दोनमध्ये खाली, तीनमधून वर. उलटी टीप, जिला काही जणी बखिया म्हणतात, ती इथे तोंडाने म्हणत घालायची : "दोनमधून वर, एकमध्ये खाली, तीनमधून वर, दोनमध्ये खाली, चारमधून वर, तीनमध्ये खाली." दोन वेळा म्हटलं की मुलं पाढ्यासारखी चाल लावतात, मग आकड्यांची गरज उरत नाही.

तिसरी : थांबलेले टाके

माझ्या मते सगळ्यांत कामाची वस्तू हीच, आणि हीच करायचा सगळ्यांना कंटाळा येतो. कोऱ्या मांजरपाटाचा वीतभर रुंद पट्टा घ्या, कडक खळ देऊन इस्त्री करा. त्यावर एकाच टाक्याचे चार टप्पे शेजारी शेजारी घाला, आणि प्रत्येक टप्पा अर्ध्यावर सोडा. साखळीसाठी पहिल्या घरात दोरा नुसता वर आलेला. दुसऱ्यात दोऱ्याचा फास पडलेला आणि सुई कापडात अर्धी. तिसऱ्यात सुई बाहेर येऊन दोरा तिच्या टोकाखाली. चौथ्यात एक कडी पूर्ण. सुया तशाच टोचलेल्या ठेवा आणि मागून चिकटपट्टीने पक्क्या करा. पट्टा पारदर्शक फाईल-कव्हरमध्ये घातला की मागची बाजूही दिसते आणि सुई कुणाला टोचत नाही.

हे असं का? तुमचा हात पुढे गेला की मधला क्षण निघून जातो. मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवता येतो हे खरं, पण त्याला उलटून मागे पाहता येत नाही. पट्टा शिकणारीच्या शेजारी पडून राहतो. अडली की ती त्यात बघते, तुम्हाला हाक मारत नाही. बारा जणींच्या वर्गात याची किंमत कळते.

एक फसलेली वस्तू

फुलीच्या टाक्यासाठी मी मोठ्या उत्साहाने कांद्याची लाल जाळीदार गोणी आणली. नाशिक जिल्ह्यात राहून कांद्याच्या गोणीचा उपयोग करायचा नाही तर कशाचा! पण त्या जाळीचे धागे गुळगुळीत. लोकर ओढली की चौकोन सरकतात आणि फुलीची फताडी होते. दोन दिवस खटपट करून नाद सोडला. मग घरातली तुटकी भाजीची परडी सापडली, चौकोनी भोकांची, प्लॅस्टिकची. तिचा तळ कापून घेतला, कडा मेणबत्तीवर नव्हे तर पॉलिश पेपरने घासल्या (मेणबत्तीने धूर आणि वास होतो), आणि झाली पाटी. भोकं जागची हलत नाहीत. आधी सगळ्या अर्ध्या फुल्या एका दिशेने घालत जायचं, परत येताना त्यांवर उलट्या दिशेच्या. वरचे सगळे पाय एकाच दिशेला झुकले पाहिजेत. एक जरी उलटा झाला तरी ऊन पडल्यावर तोच नेमका चमकतो.

दुसरी युक्ती याहून सोपी. शाळेचा चौकडीचा जुना शर्ट. मुलाला तोकडा झालेला युनिफॉर्म म्हणजे फुकटात आखून मिळालेलं कापड. चौकोनाच्या कोपऱ्यांवर फुली, रेघेवर धावदोरा, दोन समांतर रेघांमध्ये हेरिंगबोन, म्हणजे तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या टाक्यांची जाळी. पेन्सिल नको, पट्टी नको.

आता खरं कापड

पोत्यावर आणि परडीवर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळू नका. तिथे टाका समजतो, हाताचा ताण समजत नाही. तो कापडावरच कळतो.

नाशिकच्या मेन रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत लेस, बटनं, अस्तर विकणाऱ्या दुकानांत सगळं सामान मिळतं. शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, दुकानदाराला दोऱ्याचे रंग दाखवायला वेळ नसतो. सुरुवातीला एवढंच घ्या : अर्धा मीटर केसमेंट किंवा जरा जाड सुती कापड, पाच-सहा इंची लाकडी रिंग, भरतकामाच्या सुयांचं मिश्र नंबरांचं पाकीट आणि सुती दोऱ्याच्या चार लड्या. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. तीन पदरांसाठी सात नंबर ठीक. टेरिकॉट किंवा साटीन पहिल्या महिन्यात घेऊ नका. त्यावर सुई घसरते आणि माणूस स्वतःला दोष देतो.

लडीतला दोरा सहा पदरी असतो. तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर कापा. "पुन्हा पुन्हा ओवायला नको" म्हणून लांब घेतलेला दोरा गुंततो, घासून पिंजतो, आणि ओवण्यात वाचलेला वेळ गाठी सोडवण्यात जातो. पदर एकेक करून वर ओढून काढा, मग हवे तेवढे एकत्र करा. तीन पदर एकदम ओढले की उरलेल्यांचा गुंता झालाच.

सुई ओवायची वस्तूही घरी करा. खराब झालेल्या चार्जरच्या वायरमध्ये केसासारख्या तांब्याच्या तारा असतात. एक तार दुमडा, दुमडीचं टोक सुईच्या नेढ्यातून पलीकडे काढा, त्या फासात दोरा घाला, मागे ओढा. दुसरं टोक लग्नपत्रिकेच्या उरलेल्या तुकड्यात चिकटवलं की धरायला मूठ मिळते. साठीच्या पुढच्या आज्या या एका तारेसाठी वर्गाला येतात असं मी गमतीने म्हणते.

रिंगच्या आतल्या कड्याला मेडिकलमध्ये मिळणारी बँडेजची पट्टी गुंडाळून टाका. कापड सरकत नाही, डागही पडत नाहीत. कापड इतकं ताणायचं की बोटाने टिचकी मारली तर डफासारखं वाजलं पाहिजे. आडवे-उभे धागे सरळ आहेत ना ते बघा. तिरकं ताणलेलं कापड रिंग काढल्यावर आपल्या जागी परत येतं आणि भरलेलं फूल वाकडं होतं. रात्री रिंग काढून ठेवायची, आणि पावसाळ्यात कापडात सुई टोचून ठेवायची नाही. एका आषाढात माझ्या थांबलेल्या टाक्यांच्या पट्टीवर गंजाचे चार तपकिरी ठिपके पडले, ते आजही आहेत.

टाके कोणत्या क्रमाने

धावदोरा आधी, कारण तो बहुतेकींना येतोच. ज्या घरात गोधडी शिवली गेली त्या घरातल्या बाईला "तुम्हाला भरतकाम येत नाही" असं म्हणणंच चूक. तिला फक्त ओळ सरळ ठेवायला आणि दोन टाक्यांतलं अंतर मोजायला सांगा.

नंतर उलटी टीप. पाटीवर ती दोन रंगांनी दाखवा, एक टाका लाल, एक पिवळा. मग पाटी फिरवा. मागे टाके एकमेकांवर चढलेले दिसतात, दोरीच्या पिळासारखे. "हाच देठटाका," असं सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते. खरंच आहे ते : उलट्या टिपेची मागची बाजू देठटाक्यासारखी आणि देठटाक्याची मागची बाजू उलट्या टिपेसारखी दिसते. एकाच्या किमतीत दोन टाके. देठटाक्यात एकच पथ्य, दोरा सुईच्या एकाच बाजूला ठेवायचा. ओळीच्या मध्ये बाजू बदलली की पीळ मोडतो.

मग साखळी. इथे मी सगळ्यांत जास्त थांबते. दोरा वर आला की डाव्या अंगठ्याने खाली दाबून धरायचा. सुई ज्या भोकातून वर आली त्याच भोकात परत घालायची आणि साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर पुढे काढायची, पण ओढायच्या आधी बघायचं : दोरा सुईच्या टोकाखाली आहे का? नसला तर फास पडत नाही, दोरा सरळ खाली ओढला जातो आणि जागेवर नुसता एक ठिपका राहतो. ओढतानाही हात स्वतःकडे नको, साखळी ज्या दिशेला चालली आहे त्या दिशेला. जोराने ओढलं तर कडी मिटून बारीक रेघ होते. पाटीवर लोकरीची कडी बोट जाईल एवढी सैल ठेवून दाखवा. शेवटची कडी तिच्या टोकावर एक छोटा टाका घालून बांधली नाही तर मागून ओढताच सगळी साखळी सुटते. मी हे मुद्दाम करून दाखवते. सरसर सुटताना पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

अशी एकच सुटी कडी बांधली की लेझी डेझी, म्हणजे पाकळी किंवा पान. काजाचा टाका साखळी आल्यावर एका बैठकीत येतो.

हेरिंगबोन शर्टाच्या चौकडीवर. वरच्या रेघेवर आणि खालच्या रेघेवर आळीपाळीने उजवीकडून डावीकडे छोटा टाका घ्यायचा, काम मात्र डावीकडून उजवीकडे सरकतं. हे उलटसुलट ऐकून गोंधळ होतोच, म्हणून बोलू नका, थांबलेला पट्टा पुढे करा. याचीही मागची बाजू बघण्यासारखी असते. पुढे जाळी, मागे दोन सरळ ओळी. पातळ कापडावर हा टाका मागून भरला की पुढे दोन ओळींच्या मधे दोऱ्याची सावली दिसते. लखनौच्या चिकनकामात असं काम असतं.

गाठीचा टाका शेवटी. यात पोत्याची पाटी उपयोगाची नाही, गाठ भोकातून सरळ खाली जाते. जुन्या घोंगडीचा तुकडा घ्या. सुईला दोऱ्याचा एक किंवा दोन वेढे द्या, डाव्या हाताने दोरा ताणून धरा आणि सुई त्याच भोकात न घालता दोन धागे सोडून शेजारी घाला. त्याच भोकात घातली तर गाठ कापडापलीकडे. पहिल्या दहा गाठींतल्या सात बिघडतातच, आधीच सांगून ठेवा.

कुठे बसायचं

समोर बसून शिकवू नका. शिकणारीला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. तिच्या शेजारी, तुमचा उजवा खांदा तिच्या डाव्या खांद्याजवळ असा बसा. अपवाद फक्त डावखुऱ्यांचा. त्यांना मुद्दाम समोर बसवा. तुमचा उजवा हात त्यांना आरशातल्या डाव्या हातासारखा दिसतो आणि टाका आपोआप बरोबर येतो. माझ्याकडे एक डावखुरी मुलगी होती. तिच्या आधीच्या बाई तिला उजव्या हाताने भरायला लावत होत्या. पहिल्या तासाला ती सारखी हात मांडीखाली लपवायची. मी तिच्यासाठी थांबलेल्या टाक्यांचा उलटा पट्टा वेगळा केला, उजव्याचा डावा. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

येवला जवळ असल्यामुळे कुणीतरी हमखास विचारतं, पैठणीच्या पदरावरचा मोर कोणत्या टाक्याने भरतात? तो भरलेला नसतो, मागावर विणलेला असतो. जमलं तर कुणाची तरी हातमागाची पैठणी मागून आणा आणि पदर उलटून दाखवा. मागची बाजूही जवळजवळ पुढच्याइतकीच नेटकी. त्यानंतर स्वतःच्या रुमालाची मागची बाजू न सांगता तपासली जाते.

पहिला नमुना : द्राक्षाचा घड

गुलाब नको. गुलाबाला भरीव टाका, म्हणजे टाक्याला टाका लावून जागा भरणारा, लागतो आणि तो सपाट येईपर्यंत महिना जातो. घडात आतापर्यंत शिकलेलं बहुतेक सगळं येतं. हातरुमालाएवढ्या कापडाच्या कोपऱ्यात बॉलपेनच्या टोपणाच्या तोंडाने गोल काढा, वर चार, मग तीन, दोन, एक. शेजारचे गोल एकमेकांना टेकले पाहिजेत. प्रत्येक मण्यात साखळी बाहेरून आत गोगलगायीसारखी फिरवत न्या. देठ देठटाक्याने, पानाची कड उलट्या टिपेने, शिरा धावदोऱ्याने, वेलीचे ताणे एकपदरी. मधल्या फटींत दोन-तीन गाठी. जांभळ्याच्या दोन छटा घेतल्या तर घड उठून दिसतो. हिरवा घ्यायचा तर पानाचा हिरवा वेगळा घ्या, नाहीतर लांबून पालेभाजी वाटते.

तेच चित्र बारा जणींना उतरवून द्यायचं असेल तर खाका करा. बटर पेपरवर घड काढा, रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडा, कागद कापडावर पक्का धरा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवा. बोळा पिळून घ्या, ओला राहिला तर नीळ पसरते. रॉकेल नसेल तर पिवळा कार्बन कागद आणि संपलेली रिफिल.

रुमाल पूर्ण झाला की थंड पाण्यात साध्या साबणाने हलकाच धुवा. गडद लाल आणि जांभळ्या दोऱ्याचं टोक आधी ओल्या पांढऱ्या कापडावर चोळून रंग जातो का ते बघा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. किंचित ओलसर असतानाच जाड टॉवेलवर पालथा घालून मागून इस्त्री फिरवा. सुलट्या बाजूने फिरवली तर मणी आणि गाठी चपट्या होतात.